हत्तरगी आणि सात नंबर

हत्तरगींना मी आधी ऐकलं, मग पाहिलं.

कोल्हापूरच्या कॉलेजात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. म्हणजे तास संपला की खुर्ची दुसऱ्याची. चाचणीचा पेपर टाईप करायला मला कुणीतरी कॉम्प्युटर लॅबमध्ये धाडलं. पेपर झाला, सेव्ह केला, आणि सायबर कॅफेच्या सवयीनं लॉग आऊट केलं. स्क्रीन काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ राहिली, तीसुद्धा लुकलुकत नव्हती. मी माऊस हलवला, दोन-चार बटणं दाबली. काही नाही. शेवटी खालच्या डब्याचं मोठं बटण दाबायला वाकले, तोच लॅबच्या पार दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"हात काढा! आदी हात काढा बटनावरचा!"

मी चोरी सापडल्यासारखी ताठ उभी राहिले. पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, जाड काचांचा चष्मा, ठेंगणा बांधा, पन्नाशीला आलेला माणूस अनवाणी चालत आला. खांद्यांवर पिठाची बारीक भुकटी होती. मंगळवार पेठेत एका गिरणीच्या माडीवर त्यांची खोली होती आणि शर्ट कितीही झटकला तरी पीठ काही जायचं नाही, हे मला पुढं कळलं.

त्यांनी खुर्ची ओढली, तीन कळा एकदम दाबल्या. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. त्यांनी आपलं नाव घातलं, दोन ओळी टाईप केल्या, आणि लॉगिनची निळी चौकट परत आली.

"मशीन मेलं न्हाई मॅडम. आत समदं चालू हाय. नुसतं तोंड दाखवंना झालंय. तोंड दाखवत न्हाई म्हणून कुणाचा गळा दाबतासा व्हय?"

मी सॉरी म्हटलं. त्यावर ते "इरली" म्हणाले. असू दे, असा त्याचा कानडी अर्थ. ते संकेश्वरकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे बोलायला फारसं कुणी नाही.

कॉलेजात त्यांची जागा विचित्र होती. पद प्रयोगशाळा सहायक. मुलं 'सर' म्हणायची, प्राध्यापक नुसतं 'हत्तरगी' म्हणायचे आणि शिपाई 'साहेब'. त्यामुळं चहाला ते कुणातच बसायचे नाहीत. लॅबला लागून बॅटऱ्या ठेवायची एक कोंदट खोली होती, तिथं स्टुलावर बसून डबा खायचे. बॅटरीच्या वासात भाकरी कशी खाता, असं मी एकदा विचारलं. "सवय झाली की वास येत न्हाई," म्हणाले. बायको लग्नानंतर चौथ्या वर्षीच बाळंतपणात गेली आणि बाळही राहिलं नाही, हे मला शिपाई मामांनी सांगितलं. हत्तरगींनी कधीच नाही.

ते मूळचे फिजिक्सच्या लॅबमधले. वीस वर्षं त्यांनी मीटर दुरुस्त केले, तुटलेल्या वायरी जोडल्या. मग संस्थेला कुठल्याशा ऑफिसातली वापरून झालेली चौदा मशीनं मिळाली. त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घालायचं ठरलं. त्याचं शिक्षण घ्यायला आठ दिवस पुण्याला कोण जाणार? कुणीच तयार होईना, म्हणून हत्तरगींना पाठवलं. ते सीड्यांची पिशवी छातीशी धरून परत आले आणि एकट्यानं चौदाही मशीनं चालू केली. फक्त ही एक खोड राहिली. कुणी लॉग आऊट केलं की पुढच्याला लॉगिनची चौकट मिळायचीच नाही. काळा स्क्रीन. मुलं सरळ बटण दाबून बंद करायची. मग चालू होताना मशीन आधी आपली डिस्क तपासत बसायचं, त्यात अर्धा तास जायचा, आणि तास असायचा पाऊण तासाचा.

"बंद करून चालू केलं की होतंय की," इतर लोक म्हणायचे. हत्तरगींना ते पटत नसे. त्यांनी एक जाड वही ठेवली होती. कुठलं मशीन, किती वाजता, कोण बसलेलं, काय उघडं होतं, लॉग आऊट केल्यावर किती सेकंदांनी काळं झालं. प्रत्येक वेळची नोंद. बाहेर ऊन होतं की ढग, हेसुद्धा लिहीत.

"ढगाचा काय संबंध?" मी विचारलं.

"नसंल. पर न्हाईच, हे कशावरनं?"

एके दिवशी ते स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"मॅडम, जरा इंग्रजी बघून देतासा?"

लिनक्स वापरणारे जगभरचे लोक ई-मेलवर एकमेकांना अडचणी विचारतात, अशी एक यादी असते. तिच्यावर टाकायचं पत्र त्यांनी पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. मी नवी, उत्साही. लाल पेन काढून सगळं सुधारलं. दोन वाक्यांचं एक केलं, कर्मणी प्रयोग घातला. चार दिवसांनी हत्तरगी उत्तर छापून घेऊन आले. हंगेरीतल्या एका खेड्यातल्या शाळेत मशीनं सांभाळणारा लास्लो नावाचा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं की, तुझा प्रश्न मला समजला नाही, कृपया सोपं लिही.

"मॅडम," हत्तरगी अवघडून म्हणाले, "लई शुद्ध करू नगासा. त्याचं बी माज्यागतच हाय."

मग मी फक्त स्पेलिंग बघायची. दर आठवड्याला एक पत्र जायचं आणि एक यायचं. लास्लोच्या शाळेतल्या मशीनांनाही अगदी हाच रोग होता. हे करून बघ, ते करून बघ, असं तो सांगायचा. हत्तरगी करून बघायचे आणि निकाल कळवायचे. हळूहळू पत्राच्या शेवटी एखादी जास्तीची ओळ यायला लागली. आज इथं बर्फ पडला. हत्तरगी माझ्याकडं आले, "त्याला आपलं काय सांगू?" बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, गुऱ्हाळांचा वास लॅबपर्यंत येत होता. म्हटलं, तेच सांगा. त्यांनी लिहिलं, आज इथं सगळ्या गावाला गुळाचा वास आहे.

चैत्रात जोतिबाची यात्रा झाली आणि मुलं गुलालाच्या हातांनी तशीच लॅबमध्ये येऊन बसली. सगळे कीबोर्ड गुलाबी झाले. हत्तरगींनी एकेक कळ काढून कापसाच्या बोळ्यानं पुसली, दोन दिवस लागले. तेही लास्लोला कळवलं. उलट टपाली त्यानं विचारलं, हे कुठलं रसायन आहे, आणि ते मशीनच्या आत गेलं असेल तर काळ्या स्क्रीनचं कारण तेच असेल का? ते वाचून हत्तरगी हसले. मोठ्यानं नाही, चष्मा काढून डोळे पुसण्याइतकं.

एकदा लास्लोनं विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे? हत्तरगींनी उत्तराचा कागद माझ्यापुढं ठेवला. त्यात एकच ओळ होती. माझ्याकडं चौदा कॉम्प्युटर आहेत. मी पेन हातात धरून बसून राहिले. स्पेलिंग बरोबर होतं. कागद तसाच परत दिला. लास्लोचं उत्तर आलं, माझ्याकडं नऊ.

त्याच पावसाळ्यात लास्लोला इलाज सापडला. त्यानं एक फाईल आणि तिच्यात घालायची एक ओळ पाठवली. हत्तरगींनी मला त्याचा अर्थ सांगितला होता. लॉग आऊट झालं की स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम थांबत नाही, स्वतःलाच झाडून-पुसून परत उभा राहायला बघतो आणि तिथंच अडकतो. ही ओळ त्याला सांगते की तू पुरता बंद हो, नवीन चालू होऊ दे. पुढच्या आठवड्यात हत्तरगींचं पत्र आलं माझ्याकडं तपासायला. तुझी ओळ घालून पाहिली, फरक नाही. मी स्पेलिंग बघितलं आणि दिलं.

त्यानंतर लास्लो नवनवे उपाय सुचवत राहिला. हत्तरगी दर वेळी कळवत राहिले, फरक नाही.

दिवाळीनंतर एकदा ते दोन दिवस गावी गेले होते. कितीतरी महिन्यांनी मी लॅबमधल्या मशीनवर बसले, गुणपत्रक करायला. तीन नंबरच्या मशीनवर काम संपलं आणि चुकून माझ्याकडून लॉग आऊट झालं. आता आली पंचाईत, म्हणतेय तोवर स्क्रीन क्षणभर काळा झाला आणि लॉगिनची चौकट समोर आली. मला नवल वाटलं. चार नंबर उघडलं, लॉग आऊट केलं. आली चौकट. पाच, सहा, सगळी ठीक. खिडकीजवळच्या सात नंबरवर मात्र जुनाच काळा स्क्रीन, कोपऱ्यात थिजलेली रेघ. वही टेबलावरच होती. मी उघडायला नको होती. आषाढातल्या एका पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं, इलाज सापडला, तेरा मशीनं बरी. बाहेर पाऊस.

ते परत आल्यावर मी एवढंच म्हटलं, "सात नंबरला अजून होतंय वाटतं."

त्यांचा चेहरा उतरला. "त्याचं स्क्रीनचं कार्ड निराळं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "त्याला कुणी बोट लावू नगासा. ते माजं हाय."

मी कुणाला काही सांगितलं नाही. कुणाचं काय बिघडत होतं?

बिघडलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, प्रात्यक्षिक परीक्षेत. एका तुकडीत तेरा मुलं बसवायची, सात नंबर मोकळं ठेवायचं, अशी हत्तरगींनी व्यवस्था लावली होती. त्या सकाळी अकरा नंबरचं मशीन चालूच होईना. एक विद्यार्थिनी उरली. कसबा बावड्याची वैशाली. घरी चार म्हशी, वडील डेअरीला दूध घालून तिला मोटरसायकलवरनं सोडून जायचे. परीक्षा म्हणून तिनं नवी ओढणी घेतली होती आणि घामेजल्या हातांनी तिचं टोक पिळून पिळून दोरी करून टाकली होती. तिला सात नंबर मिळालं.

मी तिथं पर्यवेक्षक होते. हत्तरगींच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आता तरी ती ओळ घाला. दोन मिनिटांचं काम आहे."

ते खिडकीबाहेर बघत होते. "आज त्याचं पत्र यायचं हाय, मॅडम. त्यानं एक शेवटचं करून बघाय सांगतो म्हणलंय. आजच्या दिवस." आणि वैशालीकडं वळून, "पोरी, झालं की लॉग आऊट करू नगस. मला हाक मार. काय?"

ती मान हलवून बसली.

सांगलीहून आलेले परीक्षक शिस्तीचे होते. वेळ संपली तशी त्यांनी मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांनी सेव्ह करा, लॉग आऊट करा आणि उठून उभे राहा. नेमके तेव्हा हत्तरगी शेजारच्या खोलीत अडकलेला प्रिंटर सोडवत होते. वैशालीनं इकडं तिकडं बघितलं, कोणी दिसलं नाही. परीक्षक तिच्याच मागं उभे होते. तिनं लॉग आऊट केलं. स्क्रीन काळा झाला. "हँग झालं," असं म्हणून परीक्षकांनी वाकून बटण दाबून धरलं. हत्तरगी दारात येऊन "हात काढा" म्हणेपर्यंत मशीन बंद पडलेलं होतं.

अर्धा तास ते डिस्क तपासत बसलं. आम्ही सगळे उभे. मशीन चालू झालं तेव्हा वैशालीची फाईल नव्हती. नाव होतं, आत काहीच नव्हतं; सेव्ह केलेलं डिस्कवर पुरतं उतरायच्या आतच मशीन बंद झालं होतं.

"सर, मी सेव्ह केलतं की," ती म्हणाली. "शप्पत सेव्ह केलतं."

"तपासायला काही नाही तर गुण कशाचे देऊ?" परीक्षक म्हणाले. ते वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढं रिकामी फाईल होती. प्राचार्य आले. लिनक्सचंच काहीतरी, असं म्हणून ते विषय मिटवायच्या बेतात होते. पोरगी भिंतीला टेकून तोंडात ओढणी धरून रडत होती.

हत्तरगी पुढं झाले.

"सर, लिनक्सचा दोष न्हाई. पोरीचा बी न्हाई. माजा हाय. ह्या खोडीचा इलाज मला आषाडापास्नं ठावं हाय. तेरा मशीनला केला. ह्याला मुद्दाम केला न्हाई."

"मुद्दाम? का?" प्राचार्यांचा आवाज चढला. "का केला नाही?"

हत्तरगींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. ते माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. बघितलं नाही. मला माहीत होतं. मी सांगू शकले असते, की रोग संपला तर लास्लोची पत्रं थांबतील म्हणून. पण ते लॅबभर मुलांसमोर कसं सांगायचं? आणि माझी नोकरी तासावरची. मी पायांच्या बोटांकडं बघत उभी राहिले. ते आजही मला बरं वाटत नाही.

"लिवून द्या म्हणला तर लिवून देतो," हत्तरगी परीक्षकांना म्हणाले. "पर तिला परत बसवा."

त्यांनी लिहून दिलं. तिथंच, प्रिंटरच्या कागदावर, मराठीत, सही करून. त्या कागदाच्या जोरावर वैशालीची परीक्षा दुसऱ्या दिवशी परत झाली. तिनं सगळा प्रोग्राम पाठ असल्यासारखा लिहिला आणि पास झाली. जाताना ती हत्तरगींच्या पाया पडायला वाकली, तर ते मागं सरकले. "माज्या नगं," म्हणाले.

त्यांना मेमो मिळाला आणि पुन्हा फिजिक्सच्या स्टोअरमध्ये बदली झाली. चाव्या द्यायच्या दिवशी दुपारी त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. सात नंबरसमोर बसून ती एक ओळ घातली. लॉग आऊट केलं. क्षणभर काळोख, मग निळी चौकट. पुन्हा लॉगिन, पुन्हा लॉग आऊट. आठ-दहा वेळा त्यांनी ते केलं. दर वेळी चौकट येत होती आणि दर वेळी ते थोडं थांबून तिच्याकडं बघत होते.

मग लास्लोला पत्र लिहिलं. या वेळी पेन्सिल नाही, सरळ मशीनवरच. तुझी ओळ पहिल्याच दिवशी लागू पडली होती. मी खोटं लिहीत होतो. माफ कर. अडचण सुटली आहे. मला वाचायला दिलं. एकही चूक नव्हती.

उत्तर यायला आठवडा लागला. तोवर ते स्टोअरमध्ये गेले होते, तिथं इंटरनेट नव्हतं, म्हणून मीच छापून नेऊन दिलं. हत्तरगी जुने मीटर फडक्यानं पुसत होते. फडकं बाजूला ठेवून, हात शर्टाला पुसून त्यांनी कागद घेतला. दोनच ओळी होत्या. सुटली हे चांगलं झालं. इथला बर्फ गेला.

"रागावलेला दिसत नाही," मी म्हटलं. "तुम्ही लिहा की त्याला. असंच. मी टाईप करून पाठवत जाईन."

"असंच म्हंजे?"

"असंच. कामाशिवाय."

त्यांनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि पुन्हा फडकं उचललं. "कामाशिवाय काय लिवायचं, मॅडम?"

त्या वर्षाअखेरीस मला कराडला कायमची नोकरी लागली आणि मी कोल्हापूर सोडलं. निरोप घ्यायला गेले तर स्टोअरला कुलूप होतं.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एका लग्नासाठी कोल्हापूरला आले होते. परत जाताना दुपारी स्टँडवर कराडच्या गाडीत खिडकीशी बसले होते. शेजारच्या फलाटावर संकेश्वरची गाडी लागलेली. तिच्या दाराशी लोखंडी ट्रंक आणि वळकटी घेऊन हत्तरगी उभे होते. रिटायर झाले असणार, खोली सोडून चालले असणार. केस पार पांढरे झाले होते. मी हाक मारायला खिडकीची काच सरकवली, ती अर्ध्यात अडकली.

हत्तरगींच्या अगदी डोळ्यांसमोर गाडीची पाटी होती, मोठ्या लाल अक्षरांत. तीस वर्षं ते त्याच गाडीनं गावी जात आलेले. शेजारी एक फेटेवाला म्हातारा पिशवी घेऊन उभा होता. हत्तरगी त्याच्याकडं वळले.

"पावणं, ही गाडी संकेश्वरला जाती न्हवं?"

"व्हय की. ती काय पाटी."

"आसं व्हय," हत्तरगी म्हणाले. "तुमी कुटवर?"

"निपाणी."

म्हाताऱ्यानं ट्रंकेचं दुसरं कडं धरलं. दोघं मिळून ती वर चढवून आत गेले. थोड्या वेळानं मला ते खिडकीत दिसले. म्हातारा बाहेर बघत होता. हत्तरगी त्याच्याकडं वाकून काहीतरी विचारत होते. मग आमची गाडी निघाली.